भोक न पाडता

१ फेब्रुवारी, रविवार
काल आईला किन्हीराजाहून अनसिंगला आणलं. कायमचं. गेल्या महिन्यात ती दादाकडे अंगणात घसरली, गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, बाथरूममध्ये धरायला हँडल बसवा, पुन्हा पडल्या तर खुब्यावर जाईल आणि मग खाट धरतील. जगदेवदादाला फोनवर सांगून टाकलं की आता आई धाकट्याकडेच राहील, माझ्याकडे टाइल्सचं बाथरूम आहे. दादा म्हणाला, ठेव बाप्पा, पाहू किती दिवस ठेवतं.

संकल्प: महाशिवरात्रीच्या (१५ तारीख) आत हँडल, साबणदाणी आणि टॉवेल रॉड बसवणे. भिंतीला एकही भोक न पाडता.

बायकोचं, म्हणजे वैजयंतीचं म्हणणं, जमशेदभाईले बलवा, धा मिनिटाचं काम हाय. शक्य नाही. दिवाळीत जमशेद मिस्त्रीने गीझरसाठी ड्रिल चालवलं आणि इटालियन लूकच्या टाइलला आरपार तडा गेला. तिथे आता डॉल्फिनचं स्टिकर आहे. पेन्सिलने खूण मी केली होती हे खरं. तो ‘सर, इथं नोका घेऊ’ म्हणाला होता हेही खरं. पण मिस्त्रीने ठामपणे सांगायला नको? त्याच दिवशी मी जाहीर केलं, या घरात पुन्हा ड्रिल येणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

२ फेब्रुवारी
सक्शनवाले रबरी कप आणले. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, मला दुकानदाराने समजावण्याची गरज नव्हती. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. हँडलच्या कपांचं क्षेत्रफळ पन्नास. म्हणजे पन्नास किलो. आई शेहेचाळीस. चार किलो शिल्लक. वैजयंतीला पाटीवर गणित करून दाखवलं. तिने विचारलं, आंघोळीच्या वख्ती भिंत वल्ली होते, तवा काय? तिचा पाया कच्चा आहे.

३ फेब्रुवारी, पहाटे ५.४०
साबणदाणी बादलीत पडली. ५.५५ ला हँडल. आई अजून उठायची होती, हे नशीब.

कारण सापडलं. बोअरच्या पाण्याचा क्षार टाइल्सवर बसलेला आहे. हवेचा दाब निर्दोष. दोष अनसिंगच्या पाण्याचा.

५ फेब्रुवारी
दोन्हीकडून चिकटणारी टेप. टॉवेल रॉड सकाळपासून संध्याकाळपर्यंत हललासुद्धा नाही. संध्याकाळी त्यावर टॉवेल टाकला. रॉड चांगलाच होता, टॉवेल जाड निघाला. पातळ पंचे आणणे.

आई अजून बाथरूममध्ये जायला धजत नाही. खोलीतच ओल्या फडक्याने अंग पुसते. म्हणते, चालते रे हरी, मी काय शेण काढून राह्यली? मला लाज वाटली. पण चिडचिड केली ती वैजयंतीवर.

७ फेब्रुवारी
ऑनलाइन मागवलेला गम आला. ट्यूबवर बैलाचं चित्र. बहात्तर तास पाणी लागू द्यायचं नाही. टाइल लिंबाने घासली, पुसली, आरशासारखी केली. गम लावणार तोच आई दारात. नवी वस्तू घरात लागते तर तिला हळद-कुंकू नको? कोरडं कुंकू गुळगुळीत टाइलवर टिकेना, म्हणून तिने तेलात कालवलं आणि बरोब्बर हँडलच्या जागी स्वस्तिक काढलं. मी विज्ञाननिष्ठ असलो तरी कोरडा माणूस नाही. नमस्कार केला आणि त्यावरच गम लावून हँडल दाबलं. वर जुन्या साडीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं. बाथरूमला कुलूप. आम्हा दोघांची आंघोळ अंगणात, चादरीच्या आडोशाने.

८ फेब्रुवारी
नऊ दिवसांनी नळ आले. पाण्याचे ड्रम बाथरूममध्ये. मी भाजीला गेलेलो. वैजयंतीने कुलूप काढलं, पाइप टाकला, ड्रम भरले आणि वर भिंतीही धुतल्या. बहात्तर तास पुन्हा शून्यापासून मोजणे. घरात नियोजनाचं महत्त्व फक्त एकाच माणसाला कळतं.

११ फेब्रुवारी
चाचणी घेतली. माझं वजन बहात्तर. हँडल धरलं, पाय उचलले.

हँडल माझ्या हातात राहिलं. इतपत पकड होती. त्याच्या पाठीवर आईचं स्वस्तिक जसंच्या तसं, एक रेघ मोडलेली नाही. डावं कोपर सुजलं. आईने हळद गरम करून लावली आणि म्हणाली, तू पडला तं पडला, मी नाई पडली हे बरं झालं. मग वैजयंतीला म्हणाली, जगदेवले फोन लावून देजो माय. शिवरात्र झाली की किन्हीराजाला जाईन म्हणते, तिथं दगडावर बसून आंघोळ तरी होते.

दादा जिंकणार. हे होऊ द्यायचं नाही.

१२ फेब्रुवारी
शेवटची ट्यूब. टाइल शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटने पुसली. हळद-कुंकू आईला ट्यूबच्या खोक्यावर लावायला सांगितलं, तिने लावलं. उद्यापासून दोन दिवस वाशिमला प्रशिक्षण आहे. दारावर सूचना चिकटवली: ‘प्रयोग सुरू आहे. हात लावू नये.’ (सूचना दुपारी पडली. खिळ्याने ठोकली. दार लाकडी आहे, त्याला शब्द लागू नाही.)

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
यश!! बहात्तर तास भरायचे होते, तरी वाशिमहून आलो तो चपला न काढता बाथरूममध्ये. हँडल धरलं, ओढलं, लोंबकळलो, भिंतीला पाय लावून रेटलं. हँडल गावच्या मारुतीसारखं स्थिर. आतून फक्त भिंत कुरकुरली असेल.

दादाला ताबडतोब फोन. म्हटलं, एक भोक नाही, शुद्ध विज्ञान. दादाला एकदम खोकला आला. मत्सर माणसाच्या छातीत बसतो. लोंबकळतानाचा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला. चौदा अंगठे. चित्रकलेच्या भाऊसिंग सरांनी कृती मागवली, सविस्तर लिहून पाठवली.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
आईने पहाटे डोक्यावरून आंघोळ केली. अर्धा तास. आतून तांब्याचा आवाज आणि ‘हर हर महादेव’ ऐकू येत होतं. बाहेर आली ती केस झटकत, हसत. म्हणाली, पाडव्यालोक राह्यतो बाप्पा आता. म्हणजे अजून महिनाभर तरी. मी कोपर खाजवायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

१७ फेब्रुवारी
नववीला आसंजन, म्हणजे चिकटण्याचं शास्त्र, हा विषय अभ्यासक्रमात नसताना दोन तास शिकवला. पेटंटची चौकशी करणे.

१९ फेब्रुवारी
भाऊसिंग सर घरी आले. कपाळावर पट्टी. माझ्या कृतीने बसवलेला टॉवेल रॉड ओल्या टॉवेलांसकट त्यांच्या डोक्यात पडला म्हणे. मी शांतपणे सांगितलं की कृती अचूक आहे, हात चुकला असेल. पुरावा दाखवायला त्यांना बाथरूममध्ये नेलं.

चित्रकलेच्या माणसाला बारकाईने पाहायची खोड. हँडलच्या टोकाला स्टीलचं गोल झाकण आहे. ते त्यांनी नखाने उचकटलं. खाली दोन स्क्रू. दुसऱ्या टोकाला आणखी दोन. भाऊसिंग सर म्हणाले, सर, हे कोणतं विज्ञान व्हय? वैजयंतीला एकदम कुकर आठवला. कुकर लावलेला नव्हता.

ते गेल्यावर आईने सगळं सांगितलं. तेरा तारखेला दुपारी जमशेद येऊन गेला. माझा गम बोटाने निघाला. त्याने आधी टाइलवर टेप चिकटवली, मग हळूहळू ड्रिल. तडा नाही. दहा मिनिटं. चहा घेतला, दुसरं काही घेतलं नाही. त्याला बोलवायला दादानेच फोन केला होता. म्हणजे तो खोकला नव्हता.

मी आईला विचारलं, मले सांगतलं काहून नाई?

आई म्हणाली, तुले सांगतलं असतं तं तू काढून फेकलं असतं. मंग मले जा लागलं असतं. मले तं तुह्याच घरी राह्यचं हाय.

  मी बाथरूममध्ये जाऊन हँडलची झाकणं परत लावली. ती नुसती दाबून बसतात, त्यांना ड्रिल लागत नाही. तत्त्व माझंच आहे.