पितळी घंटा आणि माझा वर गेलेला हात

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, काम शिवणाचे, आणि साधना मंडळाच्या प्रौढ महिलांच्या वाचनवर्गाची छत्तीस वर्षे शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागात लिहिले होते. हेही रागातच आहे, पण विचार करून.

कलम १. राहत्या दोन्ही खोल्या मुलीला. बाहेरच्या खोलीतला फळा काढू नये. मंडळाच्या हॉलचे छप्पर गळत होते ती दोन वर्षे वर्ग याच फळ्यावर चालला. आता लोक म्हणतात, वर्ग माझ्या धाकट्या जावेने जगवला. जगवला म्हणे! तेव्हा तिला मंडळाचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता.

कलम २. शिलाई मशीन इस्त्रीवालीला. सेहेचाळिसाव्या वर्षी ती माझ्यापाशी अक्षर ओळखायला शिकली. आयुष्यातले पहिले पत्र मात्र तिने जावेला लिहिले. जावेने ते मला कौतुकाने वाचून दाखवले. माझा नुसता जळफळाट झाला आणि मी म्हटले, छान. मशीनवर बसताना तरी इस्त्रीवालीला माझी आठवण येईल.

कलम ३. बँकेतली शिल्लक वर्गाला, चष्म्यांसाठी. निम्म्या बायकांना अक्षर येत नाही असे आपण धरून चालतो. खरे तर त्यांना ते दिसतच नसते. हे आधी मी ओळखले, जावेने नव्हे. मंडळात कोणाच्या नावाची पाटी लावत नाहीत. लावूही नये. पण तिची लावलीच, तर माझी तिच्या वर लावावी.

कलम ४. धाकट्या जावेला माझे काहीही मिळू नये. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून साक्षीला मुद्दाम तिलाच बोलावले आहे.

कारण लिहिते. मंडळाचा शिरस्ता असा, की वर्गप्रमुख निवडताना सगळ्यांनी डोळे मिटायचे, नाव पुकारले की हात वर करायचा, आणि ते एकट्या चिटणिसांनी मोजायचे. त्याने अहंकार वाढत नाही म्हणे. बावीस वर्षांपूर्वी दोनच नावे होती, माझे आणि तिचे. मी तिच्या नावाला हात वर केला. स्वतःच्या नावाला कसा करणार? शिवाय माझ्या मनाचा मोठेपणा चारचौघांना दिसेल असे वाटले. चारचौघांचे डोळे मिटलेले आहेत, हे हात खाली आणल्यावर लक्षात आले. तिला आठ, मला सात. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, आणि तो कोणी पाहिलाही नाही.

कलम ५. ध्यानाआधी वाजवायची पितळी घंटा हरवलेली नाही. त्याच आठवड्यात मी ती घरी आणली. शोधायलाही मीच पुढे होते. कपाटात, कपड्यांखाली आहे. ती मंडळाला परत करावी, पण जावेच्या हाती पडू नये. तेव्हापासून ती पेल्यावर चमचा वाजवते, आणि बायका म्हणतात, किती गोड आवाज!

येथवर लिहून झाल्यावर साक्षीदार आले. माझी सही बघून दोघांनी आपापली केली. कागद कोणी वाचला नाही; साक्षीदाराने तो वाचायची गरज नसते. मग जाऊ पाणी पिता पिता म्हणाली, "जाऊबाई, इतक्या वर्षांनी सांगते. त्या निवडीत तुमच्या नावाला मी दोन्ही हात वर केले होते. चिटणिसांनी एकच धरला असणार."

मी म्हटले, "आणि बावीस वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर मिरवल्यासारखं झालं असतं."

म्हणजे इथेही ती माझ्या एक हात पुढेच. फार हेवा वाटला. रडूही आले, ते चष्मा पुसण्याच्या निमित्ताने उरकले.

दुरुस्ती. कलम ४ रद्द. घंटा मंडळाला नको, धाकट्या जावेला द्यावी, आणि फार जोरात वाजवू नकोस म्हणावे. कलम ४ मधले कारण मात्र हॉलमध्ये सर्वांसमोर वाचावे, सगळ्यांचे डोळे उघडे असताना. माझाही हात वर गेला होता, हे कळू दे.

ठिकाण: बाहेरची खोली, फळ्यासमोर.
दिनांक: आजचाच, बुधवार, सकाळ.
सही: माझी, दुरुस्तीखाली पुन्हा एकदा.
साक्षीदार १: समोरचे घड्याळदुरुस्तीवाले. यांनीही पुन्हा सही केली.
साक्षीदार २: धाकटी जाऊ. (खोडले.) त्याऐवजी शेजारची नर्स.

आपली सही का खोडली, असे जाऊ तीनदा विचारून गेली. सांगितलेले नाही. खोडाखोड माझीच, पूर्ण शुद्धीत केलेली.