बटण दाबा, संगणक घ्या

२ फेब्रुवारी २००९, सोमवार
प्राचार्यांनी प्रस्ताव मंजूर केला! आजपर्यंत कॉलेजात कोणाला प्रॅक्टिकलसाठी मशीन हवं असलं की तो दर्शना शिवलकर मॅडमकडे जायचा. त्या लॅब असिस्टंट. मोठ्या सर्व्हरच्या पोटात त्या एक आभासी मशीन बनवून देणार, वहीत नाव लिहिणार. दहा मिनिटं. काय ही पद्धत!
आता सेल्फ सर्व्हिस पोर्टल. वेबपेज उघडा, बटण दाबा, मशीन तयार. मध्ये माणूस नको. मस्कतला आमच्या कंपनीत अस्संच पोर्टल होतं. मी रोज वापरायचो. (टोनर मागवायला. पण तत्त्व तेच.)
दर्शना मॅडमनी विचारलं, सर, डिस्क भरली तर बघणार कोण? म्हटलं, मॅडम, याला क्लाउड म्हणतात, तो भरत नाही. वहीत काहीतरी टिपून गेल्या. पटलं असावं.
उद्घाटन २० तारखेला.

३ फेब्रुवारी
मॅन्युअल ४१२ पानांचं. वाचणार नाही. गल्फ रिटर्न माणसं हाताने शिकतात.

६ फेब्रुवारी
इन्स्टॉलेशन ऐंशी टक्क्यांवर अडलं. तिसऱ्यांदा. बंगलोरच्या हेल्पलाइनला फोन केला. त्या पोराने विचारलं, सर, पान तीन वाचलंत का? सांगितलं, लाइन नीट येत नाही, आणि ठेवला.
पान तीन वाचलं. झालं इन्स्टॉल. योगायोग.

११ फेब्रुवारी
टेम्पलेट बनवलं. म्हणजे साचा. त्यातून कितीही मशीनं काढा. पाच काढली. पाचही एकाच नावाची, एकाच पत्त्याची निघाली आणि नेटवर्कवर आपसात भांडायला लागली. तो पत्ता नेमका प्राचार्यांच्या संगणकाचा. त्यांचं इंटरनेट गेलं. शिपाई भागोजी तीन वेळा येऊन उभा राहिला. नुसता उभा. ते जास्त लागतं.
दर्शना मॅडमनी कुठलीशी एक टिक काढली, सुरू झालं. ती टिक मी मुद्दाम ठेवली होती. स्टाफ जागा आहे की नाही ते बघायचं होतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्घाटन दणक्यात! नारळ, पेढे, काजू. प्राचार्यांनी स्वहस्ते बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, आपली विनंती मंजुरीसाठी पाठवली आहे. कोणाच्या मंजुरीसाठी? प्राचार्यांच्या. त्यांच्या ईमेलचा पासवर्ड फक्त हेडक्लार्कला माहीत, आणि ते लग्नाला राजापूरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे खाऊन मंडळी पांगली.
एकंदरीत यश.

२७ फेब्रुवारी
मंजुरी प्रकारच काढून टाकला. विश्वासावर चालणारी सिस्टिम. शिवाय एका माणसाने किती मशीनं घ्यावीत, तो कोटा. त्या चौकटीत शून्य होतं. शून्य म्हणजे काहीच मिळणार नाही, म्हणजे सुरक्षित. तसंच ठेवलं.

२ मार्च, सोमवार
शून्य म्हणजे अमर्याद.
शनिवार-रविवारात सेकंड इयरच्या पोरांनी १६३ मशीनं काढली. एकाने नुसती नट्यांच्या नावाने बावीस. चार मशीनांवर क्रिकेटचा गेम चालू होता. सर्व्हर आडवा. दर्शना मॅडम सकाळपासून डिलीट करत बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत.
"सर, तुमचा क्लाउड भरला ओ," एवढंच म्हणाल्या.
प्राचार्यांना रिपोर्ट दिला: पोर्टलला उत्स्फूर्त प्रतिसाद.

१४ मार्च, शनिवार
कायमचा उपाय सापडला. लीज. प्रत्येक मशीनला आयुष्य ठरवून द्यायचं. आजपासून तीस दिवस. मुदत संपली की आपोआप पुसलं जाणार. आधी मालकाला इशाऱ्याची मेल. सगळं ऑटोमॅटिक.
दर्शना मॅडमची नेहमीची शंका. मुलांना कॉलेजची मेल नाहीच, तर इशारा जाणार कुठे? आणि बॅकअप? म्हटलं, बॅकअप ज्यांना आत्मविश्वास नाही त्यांनी घ्यावा.
फायनल इयरची तूबा भेटली. पूर्णगडची. तिच्या प्रोजेक्टमध्ये जेटीवर कुठल्या बोटीने काय मासळी आणली, लिलावात काय भाव लागला, त्याचा सगळा हिशेब प्रोग्रॅम ठेवतो. तिचे वडील बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, आहेत. पोरगी रोज एस.टी.ने येते आणि लॅब बंद होईपर्यंत बसते.
"सर, माझं काम यात राहील ना?" तिने विचारलं.
जांभ्याच्या चिऱ्यासारखं पक्कं, मी म्हटलं.

२९ मार्च
रझियाने विचारलं, हल्ली ऑफिसात काय चाललंय? सांगितलं, काहीच नाही, सगळं आपोआप चालतं. मग तुम्हाला पगार कशाचा, म्हणाली. बायकोला टेक्नॉलॉजी समजावणं कठीण.

१३ एप्रिल, सोमवार
सकाळी सत्तेचाळीस मशीनं नाहीशी झाली.
सिस्टिमने सांगितलं तेच केलं. त्या दृष्टीने बघितलं तर हे यशच. पण लॅबमध्ये कोणी त्या दृष्टीने बघायच्या मनःस्थितीत नव्हतं. बहुतेकांकडे पेनड्राइव्हवर कॉपी होती. तूबाकडे नव्हती. ती स्क्रीनकडे बघत बसली. मग बॅग उचलून गेली. तिची व्हायवा २२ तारखेला.

१३ एप्रिल, रात्री
इशाऱ्याच्या मेल कुठे गेल्या ते शोधलं. सगळ्या माझ्याकडे. मालकाचा पत्ता नसेल तर ॲडमिनला पाठवा, असं मीच कधीतरी निवडलं होतं. आणि त्या मेलची कटकट नको म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं, तेही मीच. ३२९ मेल. तूबाच्या नावाच्या सात.
याची वाच्यता नको.

१५ एप्रिल
तूबा येत नाही. फोन लागत नाही. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सोलकर, उद्या स्वतः पूर्णगडला जा आणि मुलीला घेऊन या. मी दर्शना मॅडमचं नाव सुचवलं. त्यांनी एस.टी.चं वेळापत्रक माझ्याकडे सरकवलं. जातो म्हटलं.

१६ एप्रिल
एस.टी.त भाषण तयार केलं. तंत्रज्ञान, संक्रमणकाळ, तरुणांची जिद्द. चांगलं जमलं होतं.
तूबाचे वडील, गनीभाई, अंगणात जाळं शिवत बसले होते. उठून खुर्ची दिली. चहा आला. मी संक्रमणकाळापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हात वर केला.
"सर, बोट खडकावर चढली तर सुकाणू कुनाच्या हातात होतं ते बोटीवर सगल्यांना म्हाईत असतं. माजी पोरगी म्हनते, मशीन आपोआप पुसलं. आपोआप कसं? कुनाच्या हातात होतं?"
भाषण तिथेच सोडलं.
माझ्या हातात, मी म्हटलं. सात वेळा इशारा आला होता. मी बघितला नाही.
असं बोलायचं ठरवलं नव्हतं. गनीभाई पुन्हा जाळ्याकडे वळले. दोन गाठी मारल्या. मग म्हणाले, "चहा घ्या, निवंल."
तूबा पडद्याआडून आली. हातात दोन जाडजूड वह्या. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून प्रोग्रॅमची ओळ न् ओळ आधी वहीत लिहायची आणि मग लॅबमध्ये येऊन टाइप करायची. म्हणजे काम गेलेलं नव्हतं! मग येत का नाहीस? म्हणाली, टाइप करायलाच दीड महिना गेला होता सर. मी दोन बोटांनी करते. आता सहा दिवसांत काय होणार?
वह्या चाळल्या. अक्षर सुवाच्य.
तू वाच, मी टाइप करतो, म्हटलं.

१७ एप्रिल
दर्शना मॅडमनी एक मशीन हाताने बनवून दिलं. दहा मिनिटं. पोर्टलचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.
तूबा वाचते, मी टाइप करतो. दहा बोटांनी, कीबोर्डकडे न बघता. दुपारी ती वाचायची थांबली आणि बघत राहिली. सर, एवढं फास्ट कुठे शिकलात? म्हटलं, चालू ठेव.
राजापूरच्या टायपिंग क्लासमध्ये शिकलो. मिनिटाला साठ शब्द. मस्कतला मला त्यासाठीच घेतलं होतं, पत्रव्यवहार विभागात. सर्व्हर रूमच्या काचेतून आत दिसायचं, तेवढंच. इथे इंटरव्ह्यूत ती काच सांगायची राहिली.

१९ एप्रिल, रविवार
पहिली वही संपली. एकशे अकराव्या पानावर तिने वाचलं ते चूक वाटलं म्हणून विचारलं. चूकच होती, वहीतच. खूश झाली. बोटं दुखतात. रोज लॅब बंद करताना दर्शना मॅडम सीडीवर कॉपी काढतात. एक मला देतात, एक तूबाला, एक स्वतःकडे. मी निमूट घेतो.

२१ एप्रिल
दुपारी चारला शेवटची ओळ. चालवून बघितलं. चाललं नाही. दर्शना मॅडमनी खुर्ची ओढली, तिघं बसलो. सव्वासहाला चाललं.

२२ एप्रिल, बुधवार
तूबा पास. बाहेरचे परीक्षक घाटावरचे. यादीत मोडुसा बघून ही काय एरर आहे म्हणाले. तिने तो मासा कसा असतो, कधी मिळतो, भाव का चढतो, सगळं सांगितलं. मग ते अर्धा तास मासळीबद्दलच विचारत बसले.
गनीभाई आले होते. दर्शना मॅडमना आणि मला एकेक सुरमई. मी नको म्हटलं. "घ्या ओ," म्हणाले. घेतली.

२९ एप्रिल
ऑफिस ऑर्डर आली. एक: सेल्फ सर्व्हिस पोर्टल पुढील आदेशापर्यंत बंद. दोन: सर्व्हरची जबाबदारी श्रीमती शिवलकर यांच्याकडे. तीन: श्री. अझीम सोलकर यांनी परीक्षा विभागात हजर व्हावं. खाली प्राचार्यांनी पेनने लिहिलंय, टायपिंगचा वेग उत्तम असल्याचे समजते.
रझियाला सांगितलं, मीच बदली मागून घेतली. बरं, म्हणाली.

३० एप्रिल, गुरुवार
परीक्षा विभागात हजर झालो. मार्कलिस्टचा ढीग टेबलावर छातीएवढा. तिथल्या कमळाताई पंचवीस वर्षं एकट्याच टाइप करतायत. चष्म्यावरून बघून विचारलं, आधी काय काम करायचात?
क्लाउड म्हणायला तोंड उघडलं होतं.
टायपिंग, म्हटलं.
त्यांनी अर्धा ढीग उचलून माझ्या पुढ्यात ठेवला.