भंडाऱ्यावरचं मत

दौंड, ता. ३ मे १९७८

ती. सौ. अक्कास,
खंडूचा सप्रेम जयभीम वि. वि. इकडं आम्ही खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण बोलणं जोरात हाय.

बातमी अशी, की मी गावच्या पंचायतीला उभा हाय. आपल्या वस्तीच्या राखीव जागेवर पाटलांनी आपल्यातलाच हौसराव उभा केला, कारण तो त्यांच्यापुढं तोंड उघडत न्हाई. मला वस्तीला नळ आणायचाय, म्हणून मीबी अर्ज भरला. लगेच पाटलांनी गाव जमवलं. मतं पेटीत पडायच्या आधीच पक्की करून घ्यायची, ही त्यांची रीत. ज्या खंडोबाच्या देवळाची पायरी आपल्याला कधी चढू दिली न्हाई, त्याच देवळातला भंडारा ताटात घालून आपल्यापुढं आणला! उचला, आन् शपथ घ्या, मत हौसरावला. न्हाई म्हणंल त्याचं रानातलं काम बंद.

मीच सगळ्यांना सांगितलं, उचला बिनघोर. आपण देव सोडलेत, आपल्याला ती नुसती हळद. पेटीपाशी कोण बघतंय? पाटील खूश, आन् मी त्यांच्याहून खूश! दाजींना जयभीम. लोभ हाय तसाच ऱ्हाऊ दे.

तुझा,
खंडू

शिरूर, ता. ८ मे

चि. खंडूस, अक्काचा आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून दाजी हसले, मला न्हाई हसू आलं. शहाणपणा अंगाशी येऊ नये म्हंजी झालं.

अरे, तुझं नाव खंडू का ठेवलं? माझ्या पाठची लेकरं गेली, मग आईनं खंडोबाला नवस केला आन् तू जगलास. बानं देव्हारा नदीत सोडला तवा ती पदराआड रडत होती. तिनं देव सोडले का, हे कुणी तिला इचारलंच न्हाई. तू तरी जवळ बसून इचार. सरळ न्हाई म्हणायचं होतंस. काम गेलं असतं तर मी जोंधळे धाडले असते.

मतादिवशी धुतलेला सदरा घाल. तुझ्या त्या दौंडच्या सायकल दुकानातलं ग्रीस लावून मिरवू नकोस. माया पातळ करू नकोस.

तुझी अक्का,
चांगुणा

दौंड, ता. २९ मे

ती. सौ. अक्कास, जयभीम वि. वि.
पडलो. आपल्याच वस्तीनं पाडलं. तरणी माझ्याकडं, म्हातारी सगळी हौसरावकडं. वस्तीतला म्हाळूआबा तोंडावर म्हणाला, देव नसंलबी, पण शपथ मोडून नातवाला ताप आला तर?

तक्रार घेऊन निवडणुकीच्या साहेबाकडं गेलो. त्यानं इचारलं, पेटी फोडली का, मारहाण झाली का? मी म्हणलं, न्हाई. मग निवडणूक चोख झाली, म्हणाला. थू असल्या चोखपणावर!

घरी आईला म्हणलं, तुझं एक तरी मत मला असंल. भाकरी थापता थापता ती न्हाई म्हणाली. बायांना लेकराच्या नावानं शपथ घालायला लावली होती, ते मला ठाऊकच न्हवतं. मी भरल्या ताटावरनं उठलो. आता दुकानातच ऱ्हातो, त्या घरात पाऊल टाकणार न्हाई. तुझा तरी लोभ असू दे.

खंडू

शिरूर, ता. ४ जून

चि. खंडूस, आशीर्वाद.
गावाला जाऊन आले. आईवर कसला डूख धरतोस रं? पोरगं निवडून यावं का जितं ऱ्हावं, एवढंच तिच्यापुढं ठेवलं होतं त्यांनी. ती दुसरं काय करणार? शिव्या द्यायच्या तर पाटलांना दे, आन् थोड्या स्वतःलाबी दे. उचला म्हणून सांगणारा तूच.

तू गेल्यापास्नं तिला घास गोड लागत न्हाई. निघताना तिनं तुझ्यासाठी निरोप दिला. म्हणाली, पुढल्या बारीला मतदारांच्या यादीतनं माझं नाव काढून टाकायला सांग. मतच नसलं म्हंजी कुणी मला माझ्या खंडूची शपथ घालायला लावणार न्हाई.

तिला काय सांगायचं, ते तू घरी जाऊन सांग. आमच्यावरची माया असू दे, आन् आधी तिच्यावरची.

तुझी अक्का,
चांगुणा