दिपमालाचा व्यवसाय

मेहरूण, जळगाव
१८ जुलै २०२४

ती. नानांना,
हेमलताचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्र लिहितेय. कानाचं मशीन कपाटात ठेवून कान सुधारत नाहीत, हे आईने सांगून झालंच असेल.

काकांच्या ललितच्या लग्नाला तीन महिने होत आले, तरी तुमचा राग उतरलेला नाही. तुम्ही आठ दिवस बसून शिवलेला जरीचा फ्रॉक दिपमालाने भर मांडवात ओरबाडून काढला. बँड सुरू झाला तशी टेबलाखाली शिरून किंचाळत राहिली. तुम्ही झाडून बठ्ठ्या पाहुण्यांसमोर म्हणालात की हेमलताने पोरीला डोक्यावर चढवून ठेवलंय. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आता शाळेच्या बाई म्हणतात, ही पेन्सिल नीट धरत नाही, बटण लावत नाही, कुणाचा धक्का लागला की ओरडते. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर पुन्हा बालवाडीत बसवू. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली; मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. तिथल्या कोकिळा मॅडमनी तासभर तिला नुसतं खेळू दिलं, मग मला सांगितलं की ही नाटक करत नाही. आपल्याला जिथे शिवण जाणवतही नाही, तिथे हिला काटे टोचतात. बोटांतही जोर कमी आहे. यावर उपाय म्हणजे झोपाळा, मोठाले चेंडू आणि मातीचे गोळे. हे ऐकून आमचे हे म्हणाले, असा दवाखाना आपल्या लहानपणी कुठे होता!

हवं तेवढं रागवा, पण उत्तर लिहा.

तुमची
हेमलता


धुळे
२९ जुलै २०२४

चि. हेमलतास अनेक आशीर्वाद.

सहा वर्षांच्या पोरीला कसला आलाय व्यवसाय? मी दहाव्या वर्षी बटणांची काजं करायला बसलो, तेव्हा माझ्यावर कोणी उपचार केला नाही. आणि झोपाळाच हवा तर आपल्या दारात निंब आहे.

ते काट्यांचं मात्र फार लागलं. बेचाळीस वर्षांत माझी शिवण टोचते असं एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेलं नाही. रागारागाने मांडवातून परत आणलेला तो फ्रॉक पेटीतून काढला, उलटा केला आणि गालावर फिरवला. जरीच्या मागे तुटके धागे, गळ्याला कडक जाळी. तरी पटेना. मग त्याच जाळीचा पट्टा स्वतःच्या कॉलरला आतून टाचला आणि दुकानात बसलो. दुपारपर्यंत चार गिऱ्हाइकांवर खेकसलो आणि शेजारच्या चुडामणच्या पँटचा एक पाय चार बोटं आखूड कापला.

तुझ्या आईने खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगावं लागलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, आते समजनं का, पोर का बरं रडस?

समजलं. मांडवात बोललो ते चुकलं. तुझ्या मॅडमना विचार, तिला कोणतं कापड चालेल. नमुन्याला चिंध्यांची पिशवी पाठवतो आहे.

तुझा
नाना


मेहरूण, जळगाव
२० ऑक्टोबर २०२४

ती. नानांना शि. सा. नमस्कार.

तुमच्या व्यवसायाच्या प्रश्नावर कोकिळा मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, खेळणं, जेवणं, कपडे घालणं, वर्गात बसणं हाच तिचा व्यवसाय, आणि तोच तिला जड जातो. तुमच्या चिंध्या त्यांनी थेट खेळात घेतल्या. दिपाने तीन ढीग केले: गोड, चालेल आणि चावरं. तुमच्या जुन्या धोतराचा तुकडा गोड निघाला, मखमल चावरी! जबरदस्ती कशाचीच नाही. चावऱ्यातलं एखादं ती आपणहून चालेलमध्ये टाकते, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवतो.

घरचा अभ्यास म्हणजे कणीक मळायची, भरलेली बादली ढकलायची, दोरीवर चिमटे लावायचे. परवा दोरी संपली म्हणून तिने बापाच्या कानांना आणि मिशीला चिमटे लावले. बोटांत जोर येतोय याची साक्ष आता हे स्वतः देतात.

सगळं सरळ झालं असं नाही. गणपतीत शाळेत ढोल वाजले आणि ती पंधरा दिवस मागे गेली. पेन्सिल फेकायची, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. मी मॅडमसमोरच रडले. त्या म्हणाल्या, आपल्याला हिला दुसरी मुलगी करायचं नाही, हिचा दिवस सोपा करायचाय. मग स्वतः शाळेत गेल्या. आता तिला भिंतीकडची जागा आहे, जाड पेन्सिल आहे, आणि गोंगाट वाढला की वह्यांचा गठ्ठा ऑफिसात पोचवायचं काम आहे. जड काही उचललं की तिचं अंग शांत होतं.

काल तिने गणवेशाचं एक बटण स्वतः लावलं. अकरा मिनिटं लागली, शाळेची घंटा होऊन गेली. मी हात मागे बांधून उभी होते. तसं उभं राहणं फार अवघड असतं, नाना. उशीर का झाला ते सांगितल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, हिला आता याच वर्गात ठेवू.

दिवाळीला याच.

तुमची
हेमलता


धुळे
८ नोव्हेंबर २०२४

चि. हेमलतास अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो, जरा उशिरा. त्याचं कारण घरी वाट पाहत बसलेल्या तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

आधी कोकिळा मॅडमच्या त्या केंद्राचं. मॅडमनी मला झोपाळ्यावर बसवलं तेव्हा वाटलं, यात काय एवढं! दोन झोक्यांत घर-दार फिरायला लागलं. दिपा मला शिकवत होती, नाना, समोर पाह्य, खाली पाहू नको. एवढी धीराची मास्तरीण मी पाहिली नाही.

परवा स्टँडवर तू पाण्याची बाटली आणायला गेलीस. मी सवयीने दिपाच्या गालावरून हळूच बोटं फिरवली आणि ती नेहमीसारखी झटकन मागे सरली. खरं सांगू? सहा वर्षं मला वाटत होतं की पोरीला मी आवडत नाही. मी हात खिशात घातला. तर ती वळली, पाठ माझ्या पोटाला टेकवली आणि म्हणाली, असं हळू नको, नाना, गुदगुल्या चावतात. घट्ट धर.

धरली. आणखी घट्ट, म्हणाली. आणखी धरली. तेवढ्यात धुळ्याची गाडी लागली, भरली, कंडक्टरने दोनदा हाक मारली आणि गाडी निघून गेली.

दुसरीही सोडली असती, पण तू बाटली घेऊन आलीस.

माया आहेच; दिपाचं पत्रातून कळवत जा.

तुझा
नाना