होडीच्या बॅटरीचं पाणी

प्रिय अनुजा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, बाईंना आता फोनही करता येईना. येतो गं, चांगला येतो. गेल्या पंधरा दिवसांत चारदा केला. पण 'आबा' हा शब्द निघाला की तू कामाचं निमित्त करून फोन ठेवतेस, आणि मला जे सांगायचंय ते तुझ्या आबांना वगळून सांगताच येत नाही. म्हणून कागद घेतला. चार वर्षं तू माझ्या वर्गात होतीस; धडा अर्धा टाकून उठलेली मला आठवत नाहीस, तेव्हा हेही शेवटपर्यंत वाचशील असं धरून चालते. आज गुरुवार. रविवारी सकाळी दहाला दूध संस्थेच्या हॉलमध्ये सभा आहे आणि सभेपुढे विषय एकच आहे: गणपतरावांकडून, म्हणजे तुझ्या आबांकडून, वाडीतल्या लेकरांची ने-आण करणारी संस्थेची बॅटरीवरची होडी कायमची काढून घ्यायची. नोटीस फळ्यावर लागली आहे. खाली संस्थेची सचिव म्हणून सही माझीच आहे.

आधी बाळाचं सांगते, कारण तू विचारत नसलीस तरी तुला तेच हवं असणार. तुझी भाची आता सव्वातीन किलोची झाली आहे. कावीळ उतरली. आवाज असा की गोठ्यातली म्हैस कान टवकारते. संयोगिता उठून कामाला लागली आहे, आणि जोतीराम बाप झाल्यापासून माणसांशी जरा बरा बोलतो. बारसं मात्र अडलंय. आत्याच येत नाही म्हटल्यावर बाळाच्या कानात कुर्र कोण करणार? आणि आणखी एक. तुझे आबा तिला घेत नाहीत. पाळण्याची दोरी ओढतात, माशा वारतात, पण हात लावत नाहीत. संयोगितेनं दोनदा मांडीवर द्यायला बघितलं, तर "ऱ्हाऊ दे, माझं हात राठ हाईत" म्हणून उठून गेले. ते हात कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. तुझ्या वेण्या त्याच हातांनी घातल्या जायच्या आणि वर्गात सगळ्यांत घट्ट वेण्या तुझ्या असायच्या.

त्या दिवसाबद्दल तुला दवाखान्याच्या दारापासून पुढचं माहीत आहे. त्याआधीचं मी सांगते, कारण मी अलीकडच्या धक्क्यावर उभी होते. दुपारचे तीन वाजले होते. संयोगितेला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. तुमच्या वाडीतून रस्त्यानं यायचं तर धरणाला वळसा घालून दीड तास, त्यात ओढ्यावर पाणी. होडीनं वीस मिनिटं. आबांनी बॅटरीचा काटा बघितला, काटा भरलेला होता. पाण्याच्या मधोमध आली आणि होडी गप्प झाली. चारही बॅटऱ्या एकदम बसल्या. वारा सुटला होता आणि आबांकडे एकच वल्हं. मला ते एवढेएवढेसे दिसत होते, आणि मी काठावरून ओरडण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. ते वल्हं मारायचे, वारा मागे ढकलायचा. दीड तास, अनुजा. बाळ होडीतच झालं. काठाला लागली तेव्हा ते निळं होतं आणि रडत नव्हतं. आबांच्या तळव्यांची सालटी वल्ह्याला चिकटली होती. पुढे कोल्हापूर, तुझाच दवाखाना, नऊ दिवस काचेची पेटी. आणि दारात, चार माणसांदेखत, तू त्यांना म्हणालीस की तुमच्या आळसापायी हे झालं, यापुढे माझ्याशी बोलू नका. तुझ्या जागी मीही बोलले असते. बोललेच, पण ते पुढे येईल.

आळस कसला, तर पाण्याचा. या बॅटऱ्यांना दर पंधरवड्याला वरून पाणी घालावं लागतं. त्या तापतात, आतलं पाणी उडून जातं. होडी घेतली तेव्हा देणाऱ्यानं बजावलं होतं की बॅटरीचं म्हणून मिळतं तेच पाणी घाला, दुसरं नको. संस्थेची चौकशी बसली तेव्हा अध्यक्ष धैर्यशीलनं सरळ विचारलं, "कुठलं पानी घातलंसा, खरं सांगा." आबा म्हणाले, "पानीच चुकलं. चूक माझी हाय." एवढंच. धैर्यशीलनं टेबलावर हात आपटला. "लांब जायाचा कंटाळा, दुसरं काय! धरणातलंच वतलं आसंल." आबांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मला त्या बघण्याचा राग आला. वाटलं, आता मी मध्ये पडावं अशी अपेक्षा दिसते. मी म्हटलं, "गणपतराव, लेकरांचे जीव तुमच्या हवाली केले होते." आणि ठराव लिहून घेतला. स्वच्छ अक्षरात, काना-मात्रा न चुकवता.

गेल्या सोमवारी माझा भाचा अरिहंत आला, शाहूपुरीत त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे तो. मीच बोलावला होता. त्यानं जुन्या बॅटऱ्यांची झाकणं उघडली, आत उजेड पाडला आणि म्हणाला, "आत्या, हे एकदा चुकून घातलेलं नाही. महिनोन्‌महिने कुणीतरी क्षाराचं पाणी घातलंय. कुठलं ते आधी शोध, नाहीतर नव्याही अशाच मरतील." शिवाय पावसाळ्यात रस्ता बंद झाला की कोल्हापूरहून कॅन येत नाही, तेव्हा इथलंच एखादं चालणारं पाणी हुडकून ठेव म्हणाला. जाताना क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र ठेवून गेला. पाण्यात बुडवायचं, आकडा बघायचा. दहाच्या आत आला तर बॅटरीला चालेल, वर गेला तर नको. माझ्या हातात यंत्र आणि वही आली म्हटल्यावर काय होणार, तुला ठाऊकच आहे. मला पाणी शोधायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला तुझ्या आबांविरुद्धचा आकडा हवा होता. सभेत वही उघडून दाखवायची होती.

म्हणून पहिलं धरणाचं पाणी घेतलं. सेहेचाळीस. मी दोनदा बुडवलं, तिसऱ्यांदा पदरानं पुसून बुडवलं. सेहेचाळीसच. मला चारशे-पाचशे हवे होते. एवढ्यानं चांगल्या बॅटऱ्या इतक्या लवकर मरणार नाहीत, असं अरिहंत फोनवर म्हणाला. मग मी तणतणत गावभर फिरले. शाळेचा नळ, देवळामागची विहीर, संस्थेतला थंड पाण्याचा जार. एकही धड नाही. मंगळवारी दुपारी परतीच्या पावसाची मोठी सर आली, तेव्हा अंगणात मधोमध स्टूल ठेवून त्यावर घासलेलं स्टीलचं घमेलं मांडलं. पत्र्यावरचं नाही, झाडाखालचं नाही, थेट वरून पडलेलं. आकडा आला आठ. मी एकटीच हसले. निदान पावसाळ्यापुरतं पाणी सापडलं होतं! काचेच्या बरणीत भरून, झाकण लावून ठेवलं. पण आबांनी काय घातलं ते काही सापडेना.

तुला आठवतं, चौथीत मी तुम्हाला ताटलीत मिठाचं पाणी घालून उन्हात ठेवायला लावलं होतं? संध्याकाळपर्यंत पाणी उडालं आणि तू उरलेला पांढरा थर बोटानं चाटून सगळ्यांना सांगितलंस की मीठ कुठं गेलंच नाही, हितंच हाय. मी तुला शाबासकी दिली होती. ते मला बुधवारी सकाळी आठवलं, स्वैपाकघरात. अरिहंतला फोनवर ऐकवावं म्हणून, निव्वळ मिरवण्यासाठी, मी यंत्र माझ्या पिण्याच्या पाण्यात बुडवलं. माझं पाणी तुम्ही सगळ्यांनी प्यायलेलं आहे. दुहेरी फडक्यानं गाळलेलं, खळखळून उकळलेलं, झाकून ठेवलेलं. आई शिरोळला करायची तसं, जैनाच्या घरात करतात तसं. आकडा आला चारशे बत्तीस. परसातल्या बोअरचं न उकळलेलं मोजलं, ते त्याहून थोडं कमी. आणि पातेल्याच्या बुडाला तो पांढरा थर, जो मी दर शनिवारी चिंच लावून घासते, तो माझ्याकडे बघत होता. उकळलं की जंतू मरतात. क्षार कुठे जातात? हितंच हाय.

आता सांगते, अनुजा. गेल्या पौषात होडीच्या पाण्याचा कॅन संपला तेव्हा आबा माझ्या दारात आले होते, राधानगरीहून नवा आणतो म्हणाले. मी म्हटलं, दुकानातलं कुणी कसं भरलंय कोण जाणे, माझ्यापेक्षा शुद्ध पाणी या तालुक्यात कुठं मिळणार? त्यांनी डोकं खाजवलं. "बाई, त्येला त्येचंच पानी लागतंय म्हनत्यात." मी त्यांना चांगलं सुनावलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला पाच लिटरचा कॅन मी भरून देत आले. होडीचं म्हणून दोनदा उकळायची, म्हणजे आणखी शुद्ध. कॅनवर माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: शुद्ध पाणी, फक्त होडीसाठी. नऊ महिने. मग तू विचारशील, चौकशीच्या दिवशी मला हे आठवलं नाही? आठवलं. पण माझ्या पाण्यात खोट असेल हे मनाला शिवलंच नाही. मला वाटलं, माझा कॅन लवंडला असेल आणि त्यांनी झाकायला धरणातलं भरलं असेल. माणूस स्वतःला सोडून सगळ्यांवर संशय घेऊ शकतो.

मी काल दुपारी संस्थेच्या जीपनं, वळसा घालून, तुमच्या घरी गेले. आबा पेंडीची पोती रचत होते. पोत्यामागे तो कॅन होता, माझ्या चिठ्ठीसकट. चौकशीची माणसं होडी बघायला यायच्या आधी त्यांनी तो काढून आणला होता. म्हणजे त्यांना कळलं होतं. मी तिथेच खाली बसले. रडले, खोटं कशाला सांगू. रविवारी सगळं सांगते म्हटलं, तर ते माझ्यावरच उखडले. "सभेत काय बी बोलू नगासा बाई. तुमी बोलून बोलून वाडीतल्या बायका पानी गाळाय-उकळाय लागल्या. आट वर्सांत जुलाबानं येक पोरगं गेल्यालं न्हाय. बाईंच्या पान्यानं होडी मेली म्हटलं की फडकी चुलीत जातील बघा. होडी काय, दुसरा बी कोन चालवंल की." आणि तुझं काय, असं मी विचारलं. तेव्हा पोतं उगीच सरळ करत म्हणाले, "तिचा राग जाईल. पोरगीच हाय माझी."

आणि मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं नाही, हवं तेच ऐकायला मिळालं. जीपमध्ये बसताना मला हायसं वाटलं. घरी येऊन मी चहा केला, दोन बिस्किटं खाल्ली. पोरांच्या जिवासाठीच गप्प राहायचं, असं सगळं मनात छान जुळवलं. आज सकाळी फळ्यावरची नोटीस आणि खालची माझी सही पुन्हा वाचली आणि माझी मलाच किळस आली. पोटाला चांगलं पाणी बॅटरीला वाईट असू शकतं, हे वाडीतल्या बायकांना कळणार नाही, असं ठरवणारी मी कोण? चौथीच्या पोरीला कळलं होतं. मी ताटली घेऊन सभेत समजावीन, नाही तर घरोघर जाईन.

पण मी माझा भरवसा देत नाही, अनुजा. हॉल भरलेला असेल, धैर्यशील 'आदरणीय अक्काताई' म्हणून सुरुवात करेल, आबा समोर बसून मानेनं नको-नको करतील, आणि चाळीस वर्षं जिनं कधी 'चुकले' म्हटलं नाही तिची जीभ टाळ्याला चिकटेल. एकदा मी गप्प बसले आहे. दुसऱ्यांदा बसणं सोपं असतं. म्हणून हे सगळं लिहून, खाली सही करून, उद्या अरिहंतच्या हाती तुझ्याकडे कळंब्याला पाठवते. आता ते माझ्या हातात राहत नाही. रविवारी ये. दहाच्या आधी ये, आधी घरी जा आणि बाळाला उचलून आबांच्या हातात दे. ते नको म्हणतील, तू ऐकू नकोस. मग हॉलमध्ये पहिल्या रांगेत बस. मी बोलले तर हे पत्र पर्समध्येच राहू दे. नाही बोलले, तर उभी राहा आणि वाच. शाळेत वाचायचीस तसं, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुझीच,
अक्काताई