खऱ्याचं खोटं करण्याबाबत

पनवेल,
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

आदरणीय हमझामामू यांना भाचा मुश्ताकचा अदबीने सलाम. उरणची हवा आपल्या गुडघ्यांना मानवत असेल आणि मामीजानचा खोकला निदान जेवताना तरी थांबत असेल, अशी दुआ करतो. इकडे सर्व खैरियत आहे. (सर्व म्हणजे काँप्युटर सोडून.) फोन न करता पत्र लिहितोय याचा राग मानू नये. फोनवर आपण "बोल, बोल" म्हणता आणि स्वतःच बोलत राहता. पत्रात तेवढी सोय नाही.

आपण सुचवलेली उरणची मंडळी शुक्रवारी आमच्या सिदराला बघून गेली. मुलगा ओवेस मस्कतला काँप्युटरच्या नोकरीत, वडील हाजीसाहेब मोठे व्यापारी, हे सगळं आपणच मला तीनतीनदा सांगितलं आहे. "मुलगी काँप्युटर शिकते म्हणता, तर काय शिकली तेही बघू," असं हाजीसाहेबांनी कळवलं होतं. आता बिर्याणी ताटात वाढता येते, शिक्षण कशात वाढायचं? पण सिदराने आमच्या काचसामानाच्या दुकानासाठी एक पान बनवलं आहे. कपबशीपासून झुंबरापर्यंत प्रत्येक वस्तूचा फोटो, कुठली शिल्लक आहे, कुठली मागवायची, सगळं त्यात दिसतं. हे पान इंटरनेटवर नाही. आमच्याच काँप्युटरच्या पोटात असतं आणि ब्राउझरमध्ये उघडतं. तेच दाखवायचं ठरलं. आणि नेमका आदल्या दिवशी जुना काँप्युटर धूर सोडून बंद पडला.

नवा आणला. त्यात ब्राउझरही नवा. पान उघडलं तर पांढरंफेक! सिदरा प्रॅक्टिकलला कॉलेजात. तिला फोन लावला तेव्हा कळलं, की नव्या ब्राउझरला सुरक्षेची फार काळजी. घरातल्या एका फाइलने घरातलीच दुसरी फाइल वाचलेली त्याला चालत नाही. (रोडपालीला आम्ही फ्लॅट घेतला, तिथला वॉचमन असाच आहे. मला दर वेळी "कुणाकडे जायचंय?" विचारतो आणि परका माणूस खोकं घेऊन आला की सलाम ठोकतो.) सिदरा म्हणाली, "अब्बा, एक लपलेली यादी आहे. ती उघडा, मी सांगते त्या ओळीवर दोनदा क्लिक करा, 'ट्रू'चं 'फॉल्स' होईल. दुसऱ्या कशालाही हात लावू नका. पाहुणे गेले की मी ते परत होतं तसं करीन."

यादीच्या दारातच ब्राउझरने मला अडवलं. इथे फेरफार केलात तर धोका आहे, अशी सूचना, आणि खाली एकच बटण: मी काळजी घेईन, वचन देतो. मामू, मी दुकानात गिऱ्हाइकाला "उद्या माल येईल" एवढंसुद्धा वचन देत नाही. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला कसं देऊ? अम्मीला (म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीला) विचारलं. त्या तसबीहची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "काळजी कशाची घ्यायची ते आधी विचार त्याला." विचारायची सोय नव्हती. शेवटी इन्शाअल्ला म्हणून बटण दाबलं.

आत शेकडो ओळी, आणि प्रत्येकीपुढे ट्रू नाहीतर फॉल्स. सिदराने सांगितलेली ओळ सापडली. पुढे ट्रू होतं. आता बघा, मुलीचं लग्न जमायचा दिवस, जुम्मा, आणि मी स्वतःच्या हाताने खऱ्याचं खोटं करायचं? बोट उचलेना. उलट वर-खाली इतकं खोटं पसरलेलं दिसलं, की निदान तेवढं तरी खरं करून टाकावं असं वाटलं. दिसेल त्या फॉल्सचं ट्रू करत गेलो. फार समाधान वाटलं. (समाधान वाटलं की मी थांबायला हवं, असं बेगम म्हणते.) मग ब्राउझर बंद करून उघडला, तर अक्षरं मुंगीएवढी झाली होती, क्लिक केलं की काँप्युटर किंचाळत होता आणि सगळं पान उजवीकडून डावीकडे गेलं होतं. अम्मी तेवढ्या खूश झाल्या. म्हणाल्या, "माशाल्ला, उर्दूसारखं झालं."

तेवढ्यात मंडळी आली, पाठोपाठ सिदरा. हाजीसाहेब त्या पांढऱ्या पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "छान आहे. साधं आहे." मी जमिनीत जायच्या बेतात. तेव्हा ओवेस बाह्या सरसावून उठला. म्हणाला, "हटा अंकल, आमचं रोजचं काम आहे." त्याने त्या वचनाच्या बटणावर न बघताच क्लिक केलं, यादीत सपासप काहीतरी बदललं आणि ब्राउझर उघडायचाच बंद झाला. घाम पुसत म्हणाला, इथला करंटच खराब.

सिदरा आता पुढे येऊन खुर्चीवर बसली. ब्राउझर न उघडताच माझे सुधार आणि त्याचे सुधार दोन्ही बाहेरून पुसून टाकले, मग यादी उघडून, ती एकच ओळ बदलली, आणि पडद्यावर आमचं दुकान उभं राहिलं! झुंबरासकट! हाजीसाहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. सिदराने मात्र ओवेसकडे वळून शांतपणे विचारलं, "बटण दाबण्याआधी सूचना वाचलीत का?"

"ते कोण वाचतं?" तो हसला.

मंडळी गेल्यावर तिने नकार सांगितला. मी म्हटलं, पोरगा दिसायला चांगला आहे, एका क्लिकवरून काय ठरवतेस? ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही चुकलात, पण वचन देण्याआधी दादीला विचारलंत तरी, तिनेच सांगितलं मला. त्याला समोर काय लिहिलंय तेसुद्धा बघावंसं वाटलं नाही. निकाहनाम्यावर तो असाच सही करील." मामू, तिला अजून पुढे शिकायचं आहे आणि मी हो म्हटलं आहे. अम्मीही तिच्याच बाजूने.

मामीजानना सलाम, मुलांना दुआ.

आपला भाचा,
मुश्ताक

ता. क. हे स्थळ आपण आणलेलं आहे, तेव्हा नकारही आपणच कळवावा, ही नम्र विनंती. पत्र लिहिण्याचं कारण तेवढंच.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधीच उरणहून माणूस आला. त्यांच्याकडून होकार आहे. सोबत पिस्त्याच्या बर्फीचा मोठा डबा. नकार कळवताना बर्फीचा विषय आपण कृपया काढू नये. डबा परत करायची आमची फार इच्छा होती, पण आता त्यात परत करण्यासारखं काही उरलेलं नाही.