दोन बोटं सैल

गुरुवार, १३ फेब्रुवारी
मुलांचा दवाखाना, दुसरा मजला

आई,

तुमच्या हाताला ओठ लावून नमस्कार. कोंबड्या अंडी द्यायला लागल्या का? मागच्या दाराची फट बुजवा, नाहीतर वारं लागून पाठ धरेल. फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही मधेच ठेवून देता. म्हणून लिहिते. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, सावकाश वाचा.

आधीच सांगते म्हणजे जीव टांगणीला लागायचा नाही. तुमचा नातू बरा आहे. मागच्या खेपेला सावाच्या हृदयाचं भोक शिवलं होतं ते छान भरलंय. परवा घरी सोडणार.

तुम्ही दिलेला अक्रोडाचा पाव सगळ्या खोलीनं खाल्ला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, तुझी सासू हाताला गोड दिसते. मी म्हटलं, हाताला हो.

तुम्हाला सुयांची भीती वाटत होती ना, इथे तपासायला सुई टोचलीच नाही. डॉक्टर चुबोतारू बाई आहेत. त्यांनी सावाच्या हाताला थंड चिकट मलम लावलं आणि साबणाच्या वडीएवढा यंत्राचा दांडा टेकवला. समोर टीव्हीसारखा पडदा. त्यात दोन काळे गोल दिसले. एक आपला उडत होता टुकटुक, दुसरा नुसता पडून होता. मी विचारलं, "बाई, दुसरा मेलाय का?"

त्या हसल्या. "उडतो ती धमनी, हृदयाकडून येणारी. पडून आहे ती शीर, परत जाणारी. आता मी दाबते. रबरी नळीवर बोट ठेवतेस ना तसं. आत पाण्याला जोर नसेल तर नळी लगेच चपटी होते. जोर असेल तर बोटाला दाद देत नाही. मी किती दाबलं ते यंत्र मोजतं. शीर जिथे चपटी होते, तेवढाच आतला दाब."

असं सोपं आहे. सावा तर दांड्याकडे बघून लाळ गाळत होता.

पण आई, शीर चपटी होईना.

बाईंनी दाबलं, परत दाबलं. धमनीचा आकडा चांगला आला, पण शिरेचा चोवीस. सात-आठच्या वर जायला नको म्हणे. बाईंचं हसू गेलं. त्यांनी सावाचा पंजा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "हात सुजलाय जरा." दुसऱ्या हाताला सलाइनची पट्टी होती, तो घेता येईना. मानेची शीर बघायला गेल्या तर सावानं असा गळा काढला की विचारू नका. रडताना मानेची शीर फुगतेच, त्यावर भरवसा ठेवता येत नाही म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून हळू बोलल्या, "रक्त मागे तुंबतंय असं दिसतं. हृदय कमी पडत असेल. उद्या मांडीतून नळी घालून आतूनच बघावं लागेल. भूल द्यावी लागेल."

आठ महिन्यांचं पोर.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

दवाखान्यात आलो त्या दिवशी अग्लाया सिस्टरनं सावाच्या मनगटावरचा तुमचा नजरेचा लाल दोरा बघितला. म्हणाली, "हे इथे चालायचं नाही. काढ." मी हो म्हटलं. आणि तिची पाठ वळल्यावर काढला आणि कोपराच्या वर बांधला, बाहीच्या आत. तीन वेढे. घसरून खाली आला तर दिसेल म्हणून घट्ट बांधला. खूप घट्ट. बाई मोजायला आल्या तेव्हा म्हणाल्या, बाही पूर्ण वर कर. मी म्हटलं, "नको बाई, खिडकीतून वारं येतंय, पोर गारठेल." त्या म्हणाल्या, "तुम्ही खेड्यातल्या बाया वाऱ्याला लांडग्यापेक्षा जास्त भिता." आणि कोपरापर्यंतच राहू दिली.

हात सुजलेला मलाही दिसला होता. मी मनाला सांगितलं, उबेनं फुगला असेल.

दुपारी बाईंनी नळीचा कागद आणला. सही कर म्हणाल्या. मी ता लिहिला, शि लिहिला, आणि हात चालेना.

"काय झालं? लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल."

"लिहिता येतं," मी म्हटलं. "बाई, आधी त्याची बाही वर करून बघा."

त्यांनी बघितलं. दोरा मासात रुतला होता, आई. अग्लाया म्हणाली, "मला काढला म्हणून सांगितलंस ना गं? तोंडावर खोटं बोललीस?" आणि कात्री घ्यायला धावली. मी म्हटलं, कापायचा नाही. मी दातांनी गाठ सोडवली. माझं थोबाड सगळं ओलं आणि सावा माझे केस ओढत हसतोय.

मला वाटलं बाई आता हाकलून देतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "अगं, तूच त्याच्या हाताला बांध घातलास. मग रक्त तुंबणार नाही तर काय? माझी आजीपण बांधायची. पण गाठ मारताना दोन बोटं आत घालून बघायची."

अर्धा तास थांबलो. मी त्याला पाजलं. हातावरचा लाल चर फिका झाला. मग परत मलम, परत दांडा. मी पडद्याकडे बघितलंच नाही, बाईंच्या अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठा दाबलाच नाही म्हणावा इतका हलका.

"बसली बघ," त्या म्हणाल्या. "सहा."

दुसऱ्या हाताची पट्टी सोडून तिथेही बघितलं. तिथेही सहाच. कागद त्यांनी फाडून टाकला, माझा अर्धा ताशि त्यातच गेला. मी बाईंचा हात धरून ओठ लावले तर म्हणाल्या, "मलम लागेल तोंडाला."

आई, तुम्ही मला निघताना म्हणालात, दोरा काढलास तर मला तोंड दाखवू नकोस. तुम्ही तसं का म्हणालात ते मला माहीत आहे. तुमच्या लेकानंच सांगितलंय, नेकुलाईनं. त्याच्या धाकट्या बहिणीचा दोरा दवाखान्यात कापला तेव्हा कापता यावा म्हणून तिचा हात तुम्हीच धरला होता. आणि मग ती राहिली नाही.

मी शिकलेली नाही. पण काल दुपारपासून सावाच्या अंगावर दोरा नाही, आणि तो आत्ता माझ्या मांडीवर पाय चोखतोय. मला वाटतं तुमच्या लेकीचं दोऱ्यामुळे झालं नाही, आई. तुम्ही हात धरलात म्हणूनही नाही. बोल लावायला कोणीतरी हवं होतं आणि तुम्ही स्वतःलाच जवळ सापडलात, एवढंच.

पत्र उद्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. दोरा याच पाकिटात आहे. कापलेला नाही, बघा. शनिवारी दुपारी आम्ही येऊ. मला तोंड दाखवू द्यायचं असेल तर फाटकाशी उभ्या राहा, आणि तो तुम्हीच बांधा. मनगटावरच बांधा, लपवून नको. दोन बोटं आत घालून.

तुमची सून, आणि तुम्ही म्हणाल तर लेक,

ताशिया